मोरबी ते बीबी: मरळीची लाल पिल्लं शोधायला

सुट्टी मागायला गेलो तेव्हा सुपरवायझरनं विचारलं, “घरी लग्न आहे का?” नाही म्हटलं. “कुणी आजारी?” नाही. “मग आठवडाभर कशाला पाहिजे?” मी खरं सांगून टाकलं, मासे मोजायला जायचंय. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं जसा काही आजारी मीच आहे. पण सही दिली.

मी मोरबीला टाइल्सच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो. मूळचा बुलढाणा जिल्ह्यातला. शाळा आठवीत सुटली, सोडली म्हणा. एका जागी बसणं मला जमत नाही. गळ टाकून मात्र चार-चार तास बसतो, ते कसं काय हे माझं मलाच कळलेलं नाही. मासे धरायच्या व्हिडिओंचं माझं एक पेज आहे, ‘गळाचा नाद’. हे वाचणारे बरेच जण तिथूनच आले असाल. त्यातला सगळ्यात जास्त चाललेला व्हिडिओ दोन वर्षांपूर्वीचा, बीबीजवळच्या एका तलावावरचा. भर पावसाळ्यात दोन मोठ्या मरळी धरल्या होत्या, एकामागे एक, दहा मिनिटांत.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसाळ्यात मरळीची बारीक पिल्लं हजारोंनी एकत्र फिरतात, लालभडक. पाण्यावर कोणी शेंदूर सांडल्यासारखं दिसतं. आम्ही तिला लाल झुंड म्हणतो. त्या झुंडीच्या मधोमध मी गळ बसवलेला रबरी बेडूक फेकला, पाणी फुटलं आणि मरळ लागली. वरून कॅमेऱ्यात बघून मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “मंडळी, मरळ स्वतःचीच पिल्लं खाते. आता ती जेवायला आलीय. टाका मधोमध. मासाही भेटतो आणि पिल्लंही वाचतात.” मी तसंच ऐकलं होतं. आणि बेडूक टाकला की दर वेळी मरळ लागायची, मग खोटं कशाला वाटेल?

तर या व्हिडिओवरून मला राधिका मॅडमचा मेसेज आला. त्या बंगळुरूला असतात, मूळच्या साताऱ्याच्या. आपल्यासारखे हौसेनं गळ टाकणारे पाण्यातून किती काढतात, कोणते मासे, त्याचं पुढं काय होतं, याचा त्या अभ्यास करतात. मच्छीमार सोसायटीच्या माशांची नोंद असते, रविवारी रॉड घेऊन येणाऱ्यांची कोण ठेवणार? म्हणून त्या आपले व्हिडिओ बघतात. मासा कोणता, किती मोठा, महिना कोणता, परत सोडला का घरी नेला. आपण टाइमपास म्हणून टाकतो आणि ती बाई एकेक ओळीनं उतरवून घेते!

मॅडमनी लिहिलं होतं, “सुमेध, तुमच्या सगळ्या मोठ्या मरळी पावसाळ्यातल्या आहेत आणि प्रत्येक वेळी शेजारी लाल पिल्लं दिसतात. असं का?” मी तेच खाण्याचं उत्तर दिलं. त्यांचं परत आलं, “असेलही. मी फक्त स्क्रीनवर पाहिलंय. तुम्ही एकदा गळ न टाकता बघाल का?” आणि खाली आणखी एक प्रश्न. “तुम्ही लोक रिकाम्या हातानं परत येता, त्या दिवसांचे व्हिडिओ कुठे असतात?”

कुठं असणार? कोण टाकतं!

त्याच आठवड्यात अमोलचा फोन. अमोल माझा मामेभाऊ, व्हिडिओत मोबाईल धरणारा तोच. “सुम्या, शेवंतामावशी लय तापली बे. या साली तलावात लाल झुंड एकबी दिसून नाही राह्यली म्हणते. तुह्या व्हिडिओनं तलाव बसवला, येऊन पाह्य म्हणा त्याले, म्हणते.”

शेवंतामावशी माझ्या नात्यातली नाही, सगळं गाव तिला मावशी म्हणतं. भोयांच्या घरची. तलाव त्यांच्या सोसायटीकडं आहे. रोहू-कतल्याचं बियाणं त्यांना विकत आणून सोडावं लागतं. मरळ तशी नाही, ती आपली आपण येते, आपली आपण वाढते. मावशी ती हंड्यात पाणी घालून जिवंत ठेवते आणि बीबीच्या बाजारात बसते. जिवंत मरळीला गिऱ्हाईक वाट बघत असतं. मरळ गेली म्हणजे मावशीचा बाजार गेला. आणि माझ्या व्हिडिओनंतर त्या तलावावर दर रविवारी मोटारसायकलींची रांग लागते, हे मला अमोलनंच हौसेनं फोटो पाठवून दाखवलेलं होतं.

मॅडमनी एक बघायला सांगितलं, मावशीनं दुसऱ्याच तोंडानं तेच. निघालो. पोळा तोंडावर होताच. मॅडमसाठी जिल्ह्यातल्या दोन पाण्यांवर बसून मोजायचं ठरलं, आणि शेवटी मावशीचा तलाव. रॉड मोरबीलाच ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा.

मोरबी ते मलकापूर

जाणाऱ्यांसाठी: मोरबीहून बसनं अहमदाबाद, तिथून हावड्याकडं जाणाऱ्या गाड्यांपैकी मलकापूरला थांबणारी बघून घ्यायची. जनरलनं जाणार असाल तर अहमदाबादलाच चढा, सुरतेला दारात पायसुद्धा ठेवू देत नाहीत. मी वरच्या फळीवर सामान सरकवून जागा केली आणि नंदुरबारपर्यंत मस्त झोप काढली. सकाळी मलकापूर. स्टेशनबाहेर आलुबोंडा खाल्ला, त्याच्यावर पातळ रस्सा. मोरबीच्या गाठिया एका जागी आणि हा बोंडा एका जागी.

अमोल बाइक घेऊन उभाच होता. माझ्या पाठीवरची एकच पिशवी बघून त्याचं तोंड उतरलं.

“रॉड कुठं हाय?”

“आणला नाही.”

“मंग आपून कायले जाऊन राह्यलो? दर्शनाले?”

संग्रामपूर: पहिला शून्य

मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद आणि मग संग्रामपूर. नांदुऱ्यापर्यंत रस्ता गुळगुळीत, जामोदच्या पुढं खड्डे चुकवायचे. पण काय सांगू, दोन्हीकडं काळ्या मातीत कंबरेला येत चाललेली पऱ्हाटी, मधी तुरीच्या ओळी, आणि समोर सातपुडा निळा-जांभळा पसरलेला. बारा महिने टाइल्सची पांढरी धूळ बघणाऱ्याला हे एवढं हिरवं एकदम डोळ्यात मावत नाही. मी मागं बसून ओरडत होतो. अमोल म्हणाला, गप बस, लोक पाहून राह्यले.

नदीवर एकच गळवाला सापडला. साधी बांबूची काठी, दोऱ्याला गांडूळ. धोतर नेसलेले बाबा, दगडावर घोंगडं टाकून बसलेले. मी वही काढली.

“बाबा, काय लागलं?”

“काईच नाही.”

“कवापासून बसले?”

“सकाळी चहा पेलो अन् आलो.”

तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. म्हटलं, “मंग कंटाळा नाही येत?”

“घरी टीव्ही हाय, सून हाय, दोघीबी बंद नाही होत. अथी कोनी बोलत नाही.” बाबांनी काठी जराशी हलवली. “आता तू आला.”

अमोल हसून हसून पाण्यात पडायचा राहिला. मी वहीत लिहिलं: काठी एक, तास सात, मासे शून्य, फोटो नाही. मॅडमला व्हॉइस मेसेज पाठवला. दोन मिनिटांत त्यांचा आवाज आला, लहान पोरीसारखा खूश झालेला. “सुमेध, शून्य! तीन वर्षं मी हेच काम करतेय आणि मला एकदाही शून्य मिळाला नव्हता. स्क्रीनवर प्रत्येकाला मासा लागलेलाच असतो.”

शून्यावर कुणी इतकं खूश होईल असं शाळेत असताना कळलं असतं तर नववीत गेलो असतो.

खडकपूर्णा: एक कतला, सहा मालक

दुसऱ्या दिवशी लवकर निघालो. रस्त्यात शेगाव लागतं, तिथली कचोरी खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका, हे मी सांगायची गरज नाही. मग खामगाव, चिखली आणि देऊळगाव मही. या अख्ख्या पट्ट्यात दोघांचं पेट्रोल आणि खाणं मिळून हजाराच्या आत भागतं, घाई केली नाही तर. खडकपूर्णा धरण अमोलनं पहिल्यांदा लांबून दाखवलं तेव्हा मला वाटलं आभाळच खाली आलं. कसलं पाणी! तिथं गळ टाकायचा असेल तर आधी सोसायटीच्या माणसाला विचारा, नाही तर बाचाबाची ठरलेली.

सुट्टीचा दिवस होता. काठावर रॉडच रॉड. मी मोजत गेलो, एकतीस. चांगले महागडे रीळवाले, टोप्यावाले, गॉगलवाले. प्रत्येकाला विचारायचं, किती वेळ झाला, काय लागलं. बहुतेकांना काही नाही, चार-पाच जणांना चिलापी. आणि एका टोळक्याजवळ एक कतला, चांगला दोन हात.

इथं जे पाहिलं ते मी कधी विसरणार नाही. कतला धरला होता एकानंच. पण त्यानं फोटो काढला, मग बाजूच्याला दिला. त्यानं काढला. मग तिसऱ्यानं. चौथ्यानं टोपी बदलून काढला. पाचवा म्हणाला, “माह्यावाला जरा पाण्यात उभं राहून काढ, ओरिजिनल वाटते.” सहावा तर गळ टाकतच नव्हता, तो ड्रायव्हर होता. त्यानंही काढला.

“भाऊ, टाकणार का हे सगळे फोटो?” मी विचारलं.

“मंग काय घरी अल्बम करता का?”

मी मॅडमला फोनच लावला. त्या आधी पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, “माझ्याकडे हे सहा मासे म्हणून लिहिले गेले असते. आणि रिकाम्या हातानं गेलेले पंचवीस जण लिहिलेच गेले नसते.” म्हणजे आमच्या पेजांवर बघून वाटतं पाणी माशांनी गच्च भरलंय, अजून दहा जण निघतात, आणि पाण्यात मात्र वेगळंच असतं. हे मला त्या दिवशी काठावर उभं राहून जसं कळलं तसं कुणी सांगून कळलं नसतं.

काठानं परत येताना तुटलेल्या दोऱ्यांचे गुंते पायात येत होते. एका टिटवीच्या पायात एक गुंता अडकलेला. अमोल तिच्यामागं अर्धा किलोमीटर पळाला, शेवटी शर्ट टाकून धरली, दातानं दोरा तोडला. टिटवीनं त्याचा हात टोचून टोचून लाल केला. “उपकाराची भाषाच नाही इले,” म्हणाला, पण दिवसभर तेच सगळ्यांना सांगत होता.

मुक्काम देऊळगाव राजाला. बालाजीच्या मंदिराजवळ स्वस्तात खोल्या मिळतात, पंखा चालतो, उशीची अपेक्षा ठेवू नका.

पोळ्याचा दिवस: मावशीच्या तलावावर

सिंदखेड राजा, दुसरबीड आणि मग बीबी. गावाचं नाव मी लिहिणार नाही, तलावाचंही नाही. प्रवासाचं लिहायचं आणि पत्ता द्यायचा नाही, हे तुम्हाला विचित्र वाटेल. एकदा दिला होता, त्याचंच हे सगळं आहे.

मामाच्या दारात बैल धुऊन, शिंगं रंगवून, झूल घालून तयार. मामीनं पुरणाच्या पोळ्या वाढल्या, चौथीला मी हात आडवा केला तर पाचवी हातावरच टाकली. पोळा फुटायला संध्याकाळ होणार होती. आम्ही तलावावर गेलो.

मावशी होडीत बसून जाळं उकलत होती. होडी म्हणजे थर्माकोलच्या ठोकळ्यांना पोतं गुंडाळलेलं. मला बघून उठलीही नाही.

“आला का सिनेमावाला!”

“मावशी, तुम्ही बोलावलं म्हणून आलो.”

“तुह्या सिनेमात मरळ दिसते, माह्या हंड्यात नाही दिसत. कोनता मंतर टाकला ते तरी सांग.”

मी म्हटलं, झुंड शोधू, असेल. ती म्हणाली, महिना झाला मी शोधून राह्यली, तू काय चष्मा आनला का? पण जाळं ठेवून उतरली. आम्ही तिघं काठाकाठानं निघालो. बेशरमच्या झुडपातून, गुडघाभर चिखलातून, दीड-दोन तास. काहीच नाही. जर एकही जोडी राहिली नसेल तर? या बाईला मी काय तोंड दाखवू?

आणि मग पलीकडच्या कोपऱ्यात, जिथं जुनं बाभळीचं झाड पाण्यात वाकलंय, तिथं पाणी डाळीला उकळी फुटावी तसं उकळलं. बारीक बारीक बुडबुडे. लाल!

“मावशी!” मी एवढ्यानं ओरडलो की बगळे उडाले.

“ओरडू नको, मुडद्या.” पण तिचे डोळे चमकले होते. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या. “हाय. एक हाय.”

अमोलच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “बेडूक असता तर आता...” मावशीनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. तो बाभळीची शेंग सोलायला लागला.

मग ती मला म्हणाली, “मरळ पिल्लं खाते म्हनतोस ना तू? सिनेमात सांगतोस? मंग बस. कवा खाते ते मले दाखव.”

बसलो. काहीही न टाकता मी पाण्याकडं आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. पिल्लं वर यायची, तोंडानं हवा घ्यायची, टपटप टपटप, जसा फक्त तेवढ्याच तुकड्यावर पाऊस पडतोय. मग खाली. पुन्हा वर. आणि त्यांच्या खाली, नीट बघितलं तर, दोन काळ्या सावल्या. एक पुढं, एक मागं. पिल्लं सरकली की सावल्या सरकायच्या. अर्धा तास झाला, एक तास झाला. मरळीनं एक पिल्लू खाल्लं नाही.

तेवढ्यात एक पाणकावळा आला. लांब उतरला, पोहत पोहत झुंडीकडं सरकला आणि बुडी मारली. पाणी असं फुटलं, ढप्प! पाणकावळा ओरडत वर आला आणि पाण्यावर पाय आपटत आपटत पळाला. पुन्हा आला नाही.

“पाह्यलं?” मावशी म्हणाली. “तुह्या बेडकावरबी अशीच येते. तिले भूक नसते लागली. लेकराजवळ कोन आलं म्हनून येते.”

मला माझा व्हिडिओ आठवला. दोन मरळी, दहा मिनिटं. आणि त्यानंतर त्या झुंडीचं काय झालं असेल ते पाणकावळ्यानं आत्ताच दाखवलं होतं. आणि मी वर म्हणालो होतो, पिल्लंही वाचतात.

मॅडमला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मला अंदाज होता. पण बंगळुरूत बसून मी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?” खरं सांगतो, नसतं ऐकलं.

मावशीच्या डोक्यात मात्र दुसरंच चालू होतं. “उद्या कर हाय,” ती म्हणाली.

बाहेरच्यांसाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं कर असते. पोळ्याला गोड झालं की करीला घरोघर मटण-मासे शिजतात. आणि ज्याच्याकडं रॉड आहे तो तलावावर येतो. पूर्ण तलावात आता ही एकच झुंड होती.

करीचा दिवस: छातीभर पाण्यात

पहाटे उजाडताच आम्ही बाभळीच्या काट्या तोडून त्या कोपऱ्यात टाकल्या. ही भोयांची जुनी रीत, काट्या टाकल्या की तिथं जाळं किंवा गळ टाकता येत नाही, अडकतो. दोन तास राबलो, हात रक्ताळले, कोपरा मस्त बंद झाला. आणि आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात झुंड आपली सरकत सरकत काट्यांच्या बाहेर, उघड्यावर आली. मावशीनं कपाळाला हात लावला. “माय तुह्या! आत राह्य ना!”

पहिल्या दोन बाइक बांधावर आल्या तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. पँट काढली आणि पाण्यात उतरलो. झुंडीपासून सात-आठ हात लांब, छातीभर पाण्यात जाऊन उभा राहिलो. माणूस उभा आहे तिथं कोण गळ फेकणार?

बाइकवरून उतरलेला एक दाढीवाला काठाशी आला. “काय करू राहिले भाऊ? मोबाईल पडला का?” मग त्यानं डोळे बारीक केले. “अरे! तुम्ही ‘गळाचा नाद’वाले ना? सुमेधभाऊ! मी जालन्याचा शकील, पंक्चरचं दुकान आहे माझं. तुमचाच व्हिडिओ बघून तर इथं येतो!”

मला आनंदही झाला आणि लाजही वाटली, दोन्ही एकाच वेळी. मी पाण्यातून त्याला सगळं सांगितलं. शकीलभाई हसला. “म्हणजे तुम्ही धरल्या तेव्हा चालतं, आम्ही धरायला आलो तर तुम्ही पाण्यात उभे?”

मी म्हटलं, “मी चुकीचं सांगितलं, शकीलभाई. मला माहीत नव्हतं.”

आणि त्याच वेळी माझ्या पोटरीवर कुणीतरी धाडकन डोकं आपटलं. मी किंचाळलो! पुन्हा आपटलं. मरळ! मी झुंडीच्या जवळ आलो होतो ना, म्हणून ती मला हाकलत होती. मी तिच्यासाठी उभा आणि ती मलाच मारतेय. काठावर सगळे हसत सुटले, मावशीसुद्धा. शकीलभाई मात्र हसता हसता थांबला. “खरंच मारतीय काय?”

“उतरून पाहा.”

तो उतरला. कपड्यासकट. दोन मिनिटांत त्यालाही बसली. “या अल्ला!” म्हणून त्यानं जी उडी घेतली! वर आला तेव्हा एखाद्या लहान मुलासारखा खूश होता. “भाऊ, हे लोकांना दाखवायलाच पाहिजे. थांबा, मी लाइव्ह करतो.”

मी हो म्हटलं. इथंच चुकलो. मला वाटलं, लोकांना कळेल. मी कॅमेऱ्याकडं बघून सगळं समजावून सांगितलं, मरळ खात नाही, राखते, कृपा करून झुंडीत गळ टाकू नका. चांगलं बोललो मी, शप्पथ. पण मागं बांध दिसत होता, वाकलेली बाभूळ दिसत होती, आणि ज्यांना यायचं होतं त्यांना तेवढं पुरे होतं. तासाभरात आणखी आठ-दहा बाइक. कोणी ऐकायला आले, कोणी मला बघायला, कोणी सेल्फीला. मी पाण्यात, शकीलभाई पाण्यात, अमोलही उतरला. तीन बाजू अडवल्या. चौथी उरली.

पिवळ्या शर्टातला एक जण पलीकडं, बाभळीच्या मागं उभा होता. कुणाशी बोलला नव्हता. त्यानं आमच्या डोक्यांच्या पलीकडून एकच फेक केली. बेडूक झुंडीच्या काठाला पडला, पाणी फुटलं, दोरा ताणला. मी पाण्यातून पळायला गेलो, पण पाण्यात कुठं पळता येतं? मी अर्ध्यात होतो तेव्हा मरळ काठावर तडफडत होती. त्यानं फोटो काढला, पिशवीत टाकली, बाइकला किक मारली. शकीलभाई शिव्या देत बांधापर्यंत धावला. तोवर तो गेला होता.

मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पाण्याच्या काठाला बसली, झुंडीकडं बघत.

आम्ही दिवे लागायच्या वेळेपर्यंत पाण्यातच उभे होतो. शकीलभाई जालन्याला परत गेला नाही. “घरी मटण वाट बघतंय,” एवढं दोनदा म्हणाला, पण हलला नाही. मावशीच्या सुनेनं भाकरी आणि वाळल्या झिंग्यांची चटणी आणली, ती आम्ही पाण्यात उभं राहूनच खाल्ली. पायाला जळवा लागल्या होत्या त्या नंतर मोजल्या, मला सहा, शकीलभाईला नऊ. मॅडमच्या वहीत जळवांचा रकाना नाही.

परतीचा दिवस

सकाळी निघायच्या आधी धावत तलावावर. झुंड होती. लहान झाली होती, पहिल्याच्या अर्धी असेल. खाली एकच सावली. ती आता पुढं-मागं दोन्हीकडं फिरत होती, गोल गोल, थांबतच नव्हती.

“एकटी राखील?” मी विचारलं.

“राखून तर राह्यली,” मावशी म्हणाली. “पाहू.”

बीबीहून एसटीनं मेहकर, मेहकरहून चिखली, बुलढाणा, मग राजूरचा घाट उतरून मोताळा आणि मलकापूर. घाटात खिडकीकडची जागा धरा, पावसाळ्यात तो घाट फुकटात बघायला मिळणं म्हणजे चैन आहे. मी बघितला खरा, पण माझं लक्ष त्या एका सावलीत होतं.

मोरबीला आल्यावर जुना व्हिडिओ काढूनच टाकणार होतो. मॅडम म्हणाल्या, नको, काय होत होतं त्याची ती नोंद आहे, राहू द्या. मग ठिकाण पुसलं आणि वर पहिल्याच ओळीत लिहिलं: या व्हिडिओत मी जे सांगितलंय ते चूक आहे, मरळ पिल्लं राखत होती, मी आई-बाप दोघांनाही नेलं. त्यावर मला इतक्या शिव्या बसल्या की काय सांगू. “आता साधू झाला”, “स्वतः खाऊन झालं”, वगैरे. काही जण पेज सोडून गेले. काही जणांनी मात्र आपापले रिकामे दिवस लिहून पाठवायला सुरुवात केली, आठ तास, शून्य. सहा तास, शून्य. शकीलभाईनं तर जालन्याच्या गळवाल्यांचा ग्रुप काढलाय, त्यात फोटोला बंदी आहे, नुसता आकडा लिहायचा. मी मॅडमला पाठवतो, त्या खूश होतात. फोर्कलिफ्टवर बसून मी अभ्यासाला हातभार लावतोय, हे अजून खरं वाटत नाही.

पण हे सगळं होत असताना मी रोज अमोलला विचारत होतो, झुंड आहे का? आहे म्हणायचा. तीन आठवडे आहे, आहे, आहे. मग परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला, आवाज पडलेला.

“सुम्या, लाल दिसून नाही राह्यलं. पूर्ण तलाव फिरलो. कुठंच नाही.”

मागून मावशीचा आवाज आला, “दे इकडं, येड्या.” तिनं फोन घेतला.

“सुमेध, हा काय सांगते ते ऐकू नको. लाल कायचं दिसते आता? मोठी झाली का रंग उतरते त्यांचा, काळी होतात, आईसारखी. अन् मंग झुंड फुटते. ज्याच्या त्याच्या वाटेनं जाते. आज सकाळी जाळ्यात बोटाएवढ्या चार आल्या, सोडून देल्या.”

“चारच?”

“चार माह्या जाळ्यात आल्या बाबू. बाकीच्या काय मले सांगून जाते?”

मॅडमला कळवलं तर त्यांनी विचारलं, काही फोटो आहे का? नाही म्हटलं. काळी पिल्लं, गढूळ पाणी, एकेक जण वेगवेगळ्या कोपऱ्यात. फोटो काढायला गेलात तरी काही दिसणार नाही.